बाई जेवल्या का?

रायपूरच्या मराठी घरांत बारसं ठरलं की पाळणा सजायच्या आधी एक प्रश्न निघायचा: बाईंना बोलवायचं की नाही? न बोलवावं तर पंचाईत, कारण बाळाची आई, आत्या, मावशी, यांतली एखादी तरी शाळेत बाईंच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेली असायचीच. आणि बोलवावं तर त्याहून मोठी पंचाईत. बाई यायच्या, पाळण्याशी जायच्या, बाळाच्या गालाला बोट लावायच्या, आणि मग स्वतःच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं भिंग डोळ्याशी धरून बाळाच्या गळ्यातलं वाघनख तपासायच्या.

बाळाला सोन्यात मढवलेलं वाघाचं नख घालायची आपल्याकडे जुनी हौस. पोरगं शूर व्हावं, दृष्ट लागू नये, शिवाय शेजारणीनं पाहावं. यातली बहुतेक नखं बनावट. गुराचं खूर नाहीतर शिंग घ्यायचं, कोरायचं, घासायचं, सोन्यात बसवायचं. बाई भिंगातून पाहायच्या आणि वर्गात निकाल सांगावा तशा खणखणीत आवाजात सांगायच्या, "म्हशीचं खूर आहे! अभिनंदन!"

बाळाच्या आजीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. बाईंना त्याचं सोयरसुतक नसे. त्या खुशीत पंगतीला बसायच्या, घुगऱ्यांपासून जिलबीपर्यंत सगळं मागून मागून खायच्या. अंगानं काडी, पण जेवण पैलवानाचं. गोळाभात आणि पाटोडीचा रस्सा हे तर त्यांचे दोन वीक पॉइंट.

नख खरं निघालं तर मात्र बाई काहीच बोलत नसत. भिंग खाली सोडायच्या, बाळाच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि चपला घालून चालू लागायच्या. त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. कोणी आडवं आलंच तर एवढंच म्हणायच्या, "अठरा नखं असतात वाघाले. पाळणे अठरा, वाघ एक. हिशोब कर अन् मंग मले जेवाले बोलाव."

मी रायपूरला काही स्वतःच्या मर्जीनं आले नव्हते. मध्य प्रदेशाची वाटणी झाली तेव्हा टेबलं, फायली, लोखंडी कपाटं यांच्याबरोबर आम्हा कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली, आणि मी भोपाळहून छत्तीसगडच्या वाट्याला आले. सरकार तेव्हा एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसायचं. राजधानी नवी, खुर्च्या जुन्या, आणि भाड्याच्या खोल्यांचे भाव कालच आभाळाला टेकलेले. घरमालक विचारायचे, लग्न झालं का, झालं नाही तर का झालं नाही, मांसमच्छी खाता का. बूढ़ापाऱ्यात तलावाजवळच्या एका गल्लीत बाईंनी मला दारातच उभं करून विचारलं, "घरी कोणाजवळ वाघनख आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"आजोबाजवळ?"

"आजोबा पोस्टात होते."

"पोस्टातल्यांजवळबी असते. नीट आठव."

मी आठवलं. नव्हतं. वरची खोली मला मिळाली. पुढे त्या माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही उभयचर आहे. अर्धा जीव भोपाळात, अर्धा इथं." बाईंनी प्रत्येकाला असं कुठल्या ना कुठल्या वर्गात बसवलेलं होतं. दूधवाला कवचधारी होता, कारण किती बोललं तरी त्याच्यावर परिणाम होत नसे.

सकाळी त्यांचा पहिला उद्योग म्हणजे हिंदी पेपर वाचणं आणि दुसरा म्हणजे त्या पेपरला फोन लावणं. कुठं वाघ दिसला की बातमीत 'शेर' छापून यायचं. मग बाई फोनवर, "भैया, शेर गुजरात में होता है. अपने यहाँ बाघ होता है. सिंह अलग, बाघ अलग. आपने कहाँ से पढ़ाई की?" पलीकडचा फोन ठेवून द्यायचा. बाई पुन्हा लावायच्या. वरच्या खोलीत मी भांग पाडता पाडता हे रोज ऐकायची. पहिले काही महिने हसायची, मग चिडायला लागले, आणि पुढे पुढे फोन झाला नाही त्या दिवशी बाईंची तब्येत बरी नाही की काय म्हणून खाली डोकावून यायला लागले.

त्यांनी वनखात्याकडे तक्रारी केल्या नाहीत असं नाही. एकदा एका घरी साहेब खरंच चौकशीला आले होते. चहा झाला, पोहे झाले, आणि घरमालकानं सांगितलं की नख आजोबांच्या वेळचं आहे, पिढीजात. साहेब गेले. त्यानंतर रायपुरातलं प्रत्येक नख आजोबांचं झालं. या सगळ्या आजोबांनी खरोखर इतके वाघ मारले असते तर जंगल आजोबांच्याच काळात रिकामं झालं असतं. निम्म्यांचे आजोबा तर रेल्वेत होते!

लोक पाठीमागे बाईंना काय काय म्हणायचे ते माझ्या कानावर येई. त्यातलं एक बोलणं मात्र नुसतं खवचट नव्हतं. "स्वतःच्या पोराच्या गळ्यात अस्सल घातलं, अन् आता दुनियेच्या पोरांले भिंग लावून राहिली." बाईंचे यजमान एका लाकडाच्या वखारीत मुनीम होते, जंगलात त्यांचं जाणं-येणं असे, आणि त्यांनी मुलासाठी आणलेलं नख खरं होतं, हे गावातल्या सगळ्या जुन्या लोकांना माहीत होतं. मी फटकळ. एका दुपारी बाई शेंगा सोलत बसल्या होत्या तेव्हा मी सरळ विचारून टाकलं.

बाईंनी सोलणं थांबवलं नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "माह्या जावेच्या पोट्ट्याजवळ खरं नख होतं. मले दिवस गेले तेव्हा मी हट्ट धरला, आपल्यालेबी पाहिजे, अन् नकली नको. मी कधी यांच्याजवळ काही मागितलं नव्हतं. ना साडी, ना दागिना. हे एवढं एकच. यांनी वखारीत कोणाले तरी सांगितलं असंल. एक दिवस एक माणूस पोतं घेऊन दारात. मले वाटलं डबीत नख असंल. त्यानं पोतं उघडलं तं आतमध्ये पंजा. अख्खा. रक्त वाळलं नव्हतं. म्हणे, इसमें से कौन सा चाहिए, देख लो."

बाईंच्या बोटांत शेंग तशीच राहिली होती.

"मांजरीच्या पायाखाली कशी गादी असते, पाह्यली असशील. तशीच असते वाघाले. मोठी. मी हात लावला. मऊ होती."

"मग?"

"मंग काय. मी बोट ठेवलं. हे द्या, म्हटलं."

"पण बाई, तेव्हा तर शिकारबंदीचा कायदाही नव्हता."

"नव्हता. वाघाले सांग ते."

मुलगा शाळेत असतानाच यजमान गेले. नख मुलानं जपून ठेवलं. पुढे नोकरीसाठी हैदराबादला गेला तर नख घेऊन गेला. बाईंनी किती वेळा म्हटलं की ते आण, वनखात्यात जमा करून टाकू. त्याचं उत्तर ठरलेलं, तेही हिंदीत, कारण आईचं मराठी त्याला सगळं कळायचं पण तोंडातून हिंदीच निघायची: "पापा की एक ही तो निशानी है मेरे पास." आणि मुलाजवळ नाही चाललं म्हणून असेल, त्या दुनियेच्या पाळण्यांशी भांडत होत्या. एका नखाची फेड करायला निघालेली बाई होती ती. हे मला त्या दुपारी कळलं, आणि त्यानंतर मी त्यांच्या भिंगाला कधी हसले नाही.

त्या सुमारास एक ठेकेदार स्वतः आमच्या घरी निमंत्रण घेऊन आले. मराठीच गृहस्थ, नव्या राजधानीचे रस्ते बांधून चांगले गब्बर झालेले. नातवाचं बारसं होतं. "बाई, तुम्ही आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही," असं म्हणून ते बाईंच्या पायाही पडले. बाई हरखल्या. म्हणाल्या, "पाह्य, लोकाइले समजून राहिलं हळूहळू."

मीही बरोबर गेले. बाईंनी भिंग लावलं. भिंग खाली सोडलं. बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि चपलांकडे वळल्या. मला वाटलं, आता ठेकेदारांचं तोंड उतरणार. पण गृहस्थ दारापर्यंत पोचवायला आले, बाईंना वाकून नमस्कार केला, आणि मागे वळून पाहुण्यांकडे बघत असे काही हसले की जणू नातू पहिल्या नंबरानं पास झाला. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

थोड्याच दिवसांत पेपरात एक फोटो आला. जंगलात रानडुकरांसाठी कोणी विजेच्या खांबावरून तार ओढून ठेवली होती, त्या करंटमध्ये वाघ सापडला होता. त्याचे चारही पंजे कापून नेलेले. बातमीत बरोबर 'बाघ' असं छापलं होतं. बाईंनी त्या दिवशी पेपरला फोन केला नाही.

ठेकेदारांच्या हसण्याचा अर्थ मला सराफ्यात लागला. कानातल्याची फिरकी सैल झाली म्हणून मी एका दुकानात गेले होते. शेजारी एक जोडपं वाघनख बघत बसलेलं. सराफानं दार लोटून, आतल्या कप्प्यातून काढून दाखवलेलं. नवऱ्यानं विचारलं, असली कशावरून? सराफ शांतपणे म्हणाला, "बारसे में उन मैडम को बुला लीजिए, बूढ़ापारा वाली. खाना नहीं खाएँगी. खा लें तो पैसा वापस."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. फिरकी तशीच टाकून मी उठले. वाटेत दहादा मनात आलं की बाईंना हे सांगू नये. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि हे राहणं बरंही नव्हतं. बाई ज्या उपवासानं लोकांना लाजवायला निघाल्या होत्या, तोच उपवास अस्सलपणाचा शिक्का झाला होता. सोन्यावर मारतात तसा. श्रीमंत घरांत पाहुणे आता पेढा तोंडात टाकता टाकता विचारायचे, "बाई जेवल्या का?" नाही म्हटलं की यजमानाची छाती फुगायची. आणि बाई जितक्या घरांतून उपाशी उठतील तितकी खऱ्या नखाची मागणी वाढायची.

मी सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्याइची दलाली करून राहिली होती."

"तसं नाही हो बाई."

"तसंच आहे."

त्यानंतरच्या एका बारशाला त्यांनी खरं नख भिंगाखाली धरलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हशीचं खूर आहे." जेवायलाही बसल्या. त्यांच्या समोरच्या पानावर मी होते. जन्मभर मुलींना 'दिसलं तेच लिहा, वाटलं ते लिहू नका' असं शिकवत आलेली बाई ती. जिलबीचा तुकडा हातात घेऊन नुसती बसून होती. मी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा कुठं तो तोंडात गेला.

पण खोटं बोलायलाही पत लागते, आणि बाईंची सगळी पत खरेपणाची. सराफानं दुसऱ्याच दिवशी सांगायला सुरुवात केली, "मैडम की नज़र चली गई है." लोकांनी ते आनंदानं मानलं. बाई म्हाताऱ्या झाल्या, दिसत नाही, बिचाऱ्या. ठेकेदार तर म्हणाले म्हणे, आमच्या वेळेपर्यंत नजर चांगली होती. बाई खरं बोलल्या तरी धंदा सराफाचा, खोटं बोलल्या तरी त्याचाच. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात तशी गत. मी म्हटलं, आता सोडा हे बाई, बारशांना जाणंच सोडा. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मला समजलं नाही.

अशात त्यांच्या मुलाला मुलगा झाला. सुनेचं माहेर रायपूरचंच, त्यामुळे बारसं इथंच, एका मोठ्या हॉलमध्ये. सगळं मराठी रायपूर लोटलं होतं. नातवाचं कौतुक होतंच, पण खरी उत्सुकता वेगळी होती. ते सगळ्या गावाला माहीत असलेलं नख मुलगा घेऊन आला होता, नव्या सोन्यात मढवून. ठेकेदार पहिल्या रांगेत बसले होते, नातू मांडीवर, नातवाच्या गळ्यात त्याचं नख. त्यांच्या शेजारचे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "आज घरच्या पाळण्यापाशी काय करतात पाहू." लोक हसले. न जेवता उठल्या तर घरचं नख अस्सल ठरणार आणि वर आपल्याच नातवाच्या बारशातून आजी उपाशी गेली म्हणून हसं होणार. जेवल्या तर बाईंचं सोवळं दुसऱ्यांपुरतंच, असं म्हणायला गाव मोकळं.

बाई पाळण्याशी गेल्या. बाळाला उचललं, छातीशी धरलं, परत ठेवलं. मुलगा कौतुकानं हसत होता. म्हणाला, "माँ, इसको क्या देखना? ये तो आपको मालूम है."

बाईंनी भिंग लावलं. मी इतक्या बारशांना त्यांच्याबरोबर गेले होते, पण त्यांना एवढा वेळ पाहताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्या हॉलकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"म्हशीचं आहे."

कोणी हसलं नाही. मुलगा म्हणाला, "माँ?"

"म्हशीचंच आहे. तुह्या बाबाले फसवलं कोणीतरी. साधा माणूस होता, फसला. मलेबी तेव्हा समजलं नाही."

आणि त्या जाऊन पंगतीत बसल्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. या खेपेला कोणी नजरेचं नाव काढलं नाही. स्वतःच्या घरच्या वस्तूला, स्वतःच्या मेलेल्या नवऱ्यानं आणलेल्या वस्तूला, चारचौघांत कोणी उगाच खोटं म्हणेल का? बाईंचंच नकली निघालं, तर मग सराफानं दार लोटून दिलेल्यांचं काय? मी ठेकेदारांकडे पाहत होते. त्यांचा हात नातवाच्या गळ्याकडे गेला, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर तिथं नख नव्हतं. खिशात गेलं होतं. पुढे वर्षभरात रायपूरच्या पाळण्यांतून वाघनखं दिसेनाशी झाली. सोन्याचा पैसा लावून खूर घालणारा म्हणून हसं कोणाला करून घ्यायचं होतं? त्यानं जंगलातला एखादा वाघ वाचला की नाही, ते मी सांगू शकत नाही. वाचला असेल अशी माझी आशा आहे.

पण त्या दुपारी हे काही कोणाला माहीत नव्हतं. बाईंच्या पानात गोळाभात वाढलेला होता. मुलगा समोर येऊन उभा राहिला. चेहरा लाल. त्यानं बाळाच्या गळ्यातलं नख काढून आणलं होतं.

"सबके सामने पापा को बेवकूफ़ बना दिया आपने," तो म्हणाला. "रख लीजिए अपनी भैंस."

नख बाईंच्या पानाशेजारी पडलं. बाईंनी डाव्या हातानं ते उचललं, मुठीत धरलं, आणि उजव्या हातानं जेवत राहिल्या. लोक पाहत होते ना. शेवटचं शीत संपेपर्यंत जेवल्या, वाढणाऱ्याकडून जिलबीही मागून घेतली. आयुष्यात मी कोणाला इतक्या कष्टानं जेवताना पाहिलेलं नाही. मला त्यांच्या पानासमोरून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

मुलगा त्यांना पोचवायला आला नाही. मीच सायकलरिक्षा केली. तलावाच्या वळणावर त्यांनी मूठ उघडली. इतकी घट्ट धरली होती की नखाचं टोक तळव्यात रुतून रक्त आलं होतं.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "अस्सल आहे. माह्याच बोटानं दाखवलेलं आहे."

"माहीत आहे मला, बाई."

"तुले माहीत आहे. त्याले आता कधी सांगता येत नाही." त्यांनी पदरानं नख पुसलं, मग तळवा पुसला. रडत होत्या, पण आवाज वर्गातलाच होता, खणखणीत. "एकदाच मागितलं होतं मी त्यांच्याजवळ. अन् त्यांनी बरोबर तेच आणून दिलं. फसले नव्हते, वं. माहा नवरा कधीच फसला नाही."